मगदालाच्या लुटीची मुंबईतील कागदपत्रे खुली करावीत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे २०२४ साली तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आणि २०२५ मध्ये आपल्या सरकारने रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून परत मिळवली. या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद झाला. याच म्युझियमने २०१८ साली इथिओपियालाही त्याचाच लुटलेला ठेवा दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर देऊ केला होता. त्या लुटीचा मुंबईशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने कैदेत टाकलेल्या युरोपीय लोकांना सोडवण्यासाठी मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली ब्रिटिश फौज पाठवण्यात आली. तिची जमवाजमव मुख्यतः मुंबईत झाली; सुमारे १३,००० सैनिकांपैकी बहुसंख्य भारतीय होते आणि सोबत ४४ हत्तीही होते. १३ एप्रिल १८६८ रोजी तेवोद्रोसच्या मगदाला या डोंगरी किल्ल्यावर हल्ला झाला, तेव्हा कैदी आधीच सुटलेले होते. तेवोद्रोसने स्वतःला गोळी घातली, किल्ला पडला आणि लूट सुरू झाली. चार दिवसांनी किल्ल्याला आग लावण्यात आली, तीत तिथले चर्चही जळाले. एका रानटी राजाला धडा शिकवायला निघालेल्या ख्रिस्ती फौजेने एक ख्रिस्ती देवालय लुटले आणि जाळले, याला सुसंस्कृतपणा म्हणता येणार नाही.

तेवोद्रोस क्रूर होता आणि त्यानेही किल्ल्यावरचा हा संग्रह इथिओपियातलेच गोंदर शहर लुटून जमवला होता, हे खरे आहे. तरीही त्यामुळे तो संग्रह इंग्रजांचा ठरत नाही.

लुटीचा माल १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादून दलांताच्या पठारावर नेला गेला आणि तिथे दोन दिवस त्याचा लिलाव चालला. ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड होम्स खरेदीसाठी फौजेबरोबरच आले होते. त्या म्युझियमला सुमारे ३५० हस्तलिखिते मिळाली. ताबोत, म्हणजे प्रत्येक इथिओपियन चर्चच्या गाभाऱ्यात ठेवलेली पवित्र पाटी, जिचे दर्शन फक्त पुरोहितांनीच घ्यायचे असते, असे ११ ताबोत आज तिथे बंदिस्त आहेत आणि त्यांतील बहुतेक मगदालाचे आहेत. ते प्रदर्शनात ठेवता येत नाहीत आणि अभ्यासकांनाही पाहता येत नाहीत, मग ते लंडनमध्ये कोणासाठी ठेवले आहेत? या वस्तू आणल्याबद्दल खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७१ साली पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला होता.

मुंबई सरकारची त्या काळातील दप्तरे आपल्याच खात्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे आहेत. या मोहिमेसंबंधी जी जी कागदपत्रे तिथे सापडतील, म्हणजे पत्रव्यवहार, जहाजांची व सामानाची नोंद, परत आलेल्या मालाचा उल्लेख, त्यांची सूची करून ती संगणकीकृत करावीत आणि त्यांच्या प्रती इथिओपियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला विनामूल्य द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. हिशेबाचा एखादा जुना कागदही कोणती वस्तू कोणाकडे गेली हे सिद्ध करायला उपयोगी पडू शकतो. तसेच वाघनखांच्या मुदतीविषयी लंडनशी पुढची बोलणी होतील तेव्हा आपल्या शिष्टमंडळाने मगदालाच्या ठेव्याचा विषयही काढावा. आपण स्वतःचा ठेवा मागत असताना, आपल्याच बंदरातून गेलेल्या फौजेने ज्यांचा ठेवा नेला त्यांच्याविषयी गप्प बसणे महाराष्ट्राला शोभत नाही.

या कामासाठी आपण संचालनालयाला लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक