पाचोळ्याचीही बेगमी हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिल उजाडला की आपल्या दैनिकात नालेसफाईची टक्केवारी, काढलेल्या गाळाचे वजन आणि कंत्राटदारांची दिरंगाई यांच्या बातम्या येऊ लागतात, आणि आम्ही वाचक त्या चवीने वाचतो, कारण त्यांत दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. त्या बातम्यांची गरज मी नाकारत नाही. परंतु त्याच सुमारास मुंबईतल्या कितीतरी जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात झाडांखालचा वाळलेला पाचोळा झाडून गोण्यांत भरला जातो आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला जातो, नाहीतर कुंपणाच्या कोपऱ्यात त्याला काडी लावली जाते. त्याची बातमी होत नाही. हा पाचोळा फेकू नये, जाळूही नये, तर साठवून ठेवावा, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र आहे. मात्र त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

आमची संस्था चेंबूरमध्ये आहे. चौसष्ट सदनिका, दोन पर्जन्यवृक्ष, तीन सोनमोहर, एक आंबा आणि एक फणस असा आमचा संसार. १९२७ पासून शहराचा कचरा घेणारी देवनारची कचराभूमी आमच्यापासून फार दूर नाही. वारा फिरला की तिची आठवण होते. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीच्या धुराने आम्ही दिवसचे दिवस खिडक्या बंद करून बसलो होतो. ओला कचरा ढिगाखाली दडपला गेला की त्याला हवा मिळत नाही, हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो आणि मिथेन पेट घेतो, हे त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाले होते. म्हणजे भाजीची देठे, शिळा भात आणि फळांच्या साली आम्ही खाली पाठवत होतो आणि त्याचाच धूर काही अंशी आमच्याकडे परत येत होता.

२०१७ मध्ये महापालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले, त्यासाठी २ ऑक्टोबरची मुदत दिली आणि त्यावरून पुष्कळ चर्चा झाली. आमचा ओला कचरा दिवसाला जेमतेम चाळीस किलो भरतो. नियम आम्हाला लागू नव्हता. तरीही धुराची आठवण ताजी असल्यामुळे सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला, भोके पाडलेले सहा ड्रम आले, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. दीड महिन्यात सारे बंद पडले. ड्रममधला ऐवज काळा, चिकट आणि लिबलिबीत झाला, अळ्या वर चढू लागल्या, पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांनी नाकाला रुमाल लावून समितीच्या सभेत येण्यास सुरुवात केली आणि घुशींनी कोपऱ्यात बीळ केले. ड्रम धुऊन त्यांत पाणी साठवावे, अशी सूचना एका सदस्याने केली, आणि ती अजिबात विनोद म्हणून केलेली नव्हती.

‘लोकांना जाणीव नाही’ असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. तो साफ चुकीचा होता. लोक ओला-सुका वेगळा करून देत होते. चूक ड्रममध्ये होती, आणि ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक स्त्रियांना दिलेल्या प्रशिक्षणाविषयी मी ऐकून होतो. अशा कामाचा अनुभव असलेल्या एक बाई दोन वर्षांनी ओळखीतून आमच्याकडे आल्या. त्यांनी बंद ड्रमपैकी एकात थोडा ओला कचरा घालायला लावला, दुसऱ्या दिवशी त्यातला मूठभर उचलून पिळला, बोटांतून पाणी गळले तसे म्हणाल्या, “ह्यात पाला कुठाय?” फाटकाशी तेव्हा पाचोळ्याच्या अठरा गोण्या टेंपोची वाट पाहत उभ्या होत्या, आणि त्या नेण्यासाठी आम्ही टेंपोवाल्याला पैसे देत होतो.

यातले शास्त्र अवघड नाही. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर, तर वाळल्या पानांत कर्ब. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात आणि त्याहून अधिक लागते ती हवा. नुसता ओला कचरा स्वतःच्या वजनाने दबतो, हवेच्या वाटा बुजतात आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. दुर्गंधी येते ती सडण्याची. एक बादली ओल्या कचऱ्यावर दीड-दोन बादल्या चुरलेला पाचोळा, सुरुवातीला विरजण म्हणून जुन्या खताची दोन-चार घमेली किंवा थोडे आंबट ताक, तीन-चार दिवसांआड उलथापालथ आणि सर्वांत वर नेहमी पाचोळ्याचाच थर, एवढे सांभाळले की वास येत नाही, चिलटे धरत नाहीत आणि सुमारे दीड-दोन महिन्यांत मातीसारखे मोकळे खत हाती येते. पर्जन्यवृक्षाची आणि सोनमोहराची बारीक पाने लवकर जिरतात. आंब्या-फणसाची जाड पाने चुरावी लागतात, नाहीतर ती सहा महिने तशीच राहतात. मासळीचे काटे आणि मटणाची हाडे आम्ही ड्रममध्ये घेत नाही. बोंबलाच्या वासावर घूस कुठून येते, याचा अनुभव एकदा घेतला तेवढा पुरे.

आता मुख्य मुद्दा. पाने गळतात ती बहुतांश फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत. स्वयंपाकघर मात्र बाराही महिने चालते, आणि पाचोळ्याची खरी निकड लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा हवाच ओलसर असते आणि झाडाखाली पडलेले पानही चिखल होऊन येते. म्हणून ज्याप्रमाणे आपल्या आया-आज्या मे महिन्यात पापड, सुकी मासळी, लाकूडफाटा आणि गोवऱ्या अशी पावसाळ्याची बेगमी करीत, तशी संस्थेने पाचोळ्याची बेगमी केली पाहिजे. आमच्या चाळीस किलोंसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर आठवड्याला सरासरी पाच-सहा गोण्या लागतात. पाने पूर्ण वाळवून, पायांनी तुडवून, तागाच्या गोणीत भरून कोरड्या जागेत ठेवावीत. मात्र विजेच्या मीटरच्या खोलीजवळ किंवा सुटकेच्या वाटेवर चुकूनही ठेवू नयेत, कारण वाळले पान ठिणगी पडताच भडकते. आमच्या संस्थेत यावरून वाद झाला आणि आक्षेप घेणारे बरोबर होते. आम्ही गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेल्या गोण्या हलवून मागच्या भिंतीलगत पत्र्याच्या शेडखाली नेल्या.

पाचोळा जाळण्याच्या बाजूने आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी केलेला युक्तिवाद मला आवडला होता, म्हणून नोंदवतो. ते म्हणाले, “आम्ही गावी राब भाजतोच की!” भाताची रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात तो हा राब. खरे आहे, पण राबाची राख ज्या वाफ्यात पडते त्याच वाफ्यात भाताची रोपे उठतात, आणि आमच्या कोपऱ्यातली राख पाइपाने धुऊन गटारात सोडली जात होती. धूर मात्र समोरच्या प्रसूतिगृहाच्या खिडकीपर्यंत जात होता. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भुर्दंड ठरवणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश डिसेंबर २०१६ चा आहे. परंतु आमच्याकडे दंडाच्या भीतीपेक्षा गोणीचा उपयोग कळल्यावरच आगपेटी थांबली.

दुसरा आक्षेप प्रत्येक संस्थेत निघतो : आपण वेगळा करून दिला तरी गाडीत सगळे एकत्रच होते, मग कशासाठी करायचे? या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे. ओला कचरा फाटकाबाहेर गेलाच नाही तर तो कशात मिसळणार? उरलेला सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ राहतो, रद्दी व भंगारवाल्याला हवासा वाटतो, आणि तो हाताळणाऱ्या कामगाराच्या हाताला खरकटे लागत नाही.

पहिल्या वर्षी खत तयार झाले आणि एक विचित्र अडचण उभी राहिली. खत घालायला माती कुठे होती? झाडांच्या बुंध्यांना गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. आवार चकाचक दिसावे म्हणून आम्हीच काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून ते बसवले होते, हे कबूल केले पाहिजे. मुळांना हवा आणि पाणी मिळाले नाही की मोठे झाड आतून खचत जाते आणि पावसाळ्यातल्या एखाद्या वादळी रात्री गाडीवर किंवा माणसावर पडते. मग आपण झाडाला धोकादायक ठरवतो. प्रत्येक बुंध्याभोवती साधारण एक मीटरचे ब्लॉक आम्ही काढले, मुळांना कुदळ लागू न देता वरची माती हाताने मोकळी केली आणि खत पसरून त्यावर पाचोळ्याचे आच्छादन घातले. खोडाला मात्र खत चिकटू देऊ नये, साल कुजते. उन्हाळ्यात त्या आळ्यांना पूर्वीपेक्षा निम्मे पाणी पुरू लागले, आणि तेही भाजी-तांदूळ धुतलेले असते.

पाणी तुंबण्याविषयी थोडेच लिहितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढे पाणी कोणत्याही आवाराच्या गटारात मावणार नव्हते. पण आमच्या आवारात साध्या जून महिन्याच्या सरीतही घोटाभर पाणी साचत असे, त्याचे कारण दर वेळी एकच निघे : गच्चीच्या पन्हाळीच्या तोंडाशी आणि चेंबरच्या जाळीवर बसलेली पाने, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दुधाच्या पिशव्यांच्या कापलेल्या टिकल्या. (पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, चीर देऊन लोंबता ठेवावा, ती टिकली कोणीही वेचत नाही.) पाने गोणीत जाऊ लागल्यापासून चेंबर उघडण्याची पाळी क्वचितच येते.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. नालेसफाईच्या बातम्या देताना प्रभागातल्या उद्यानांचा आणि रस्त्याकडेच्या झाडांचा पाचोळा कुठे जातो, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे. आणि प्रभाग कार्यालयांनी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाचोळ्याच्या गोण्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या उचलून, ज्या संस्थांकडे झाडे नाहीत पण खताचे ड्रम आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचवाव्यात, अशी मागणी आपल्या स्तंभांतून व्हावी. टॉवरमध्ये राहणाऱ्या अनेकांची अडचण पाचोळ्याच्या टंचाईचीच आहे; ते नारळाचा भुसा विकत आणतात आणि आम्ही पाने टेंपोत भरून देत होतो.

आमचीही एक अडचण शिल्लक आहे. शेडमध्ये आता नव्वद गोण्यांपलीकडे जागा उरलेली नाही आणि फणसाची पाने अजून पडायची आहेत. पाहुण्यांच्या गाडीसाठी राखलेली एक जागा पाचोळ्याला द्यावी, असा प्रस्ताव येत्या रविवारच्या सभेपुढे आहे. विरोधात आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, चेंबूर, मुंबई