पोरांच्या हातात ग्लास आपणच देतो

संपादक साहेब, नमस्कार.

लग्नसराई चालू आहे म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, पाऊस लागल्यावर लिहून उपयोग नाही. आमच्याकडे आता लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी झालीय. मांडवात जेवणं चालू असतात, डीजे वाजत असतो आणि मागे काजूच्या झाडाखाली वेगळी पंगत बसलेली असते, ती कुठे बसलीय ते घरातल्या बायकांनाही माहीत असतं. तिथे आता दहावी-बारावीची पोरं दिसायला लागलीत. त्यांना बाटली काय दुकानदार आणून देत नाही, काका देतो, मामा देतो. "झील मोठो झालो आता, घोटभर घेतल्यान तर काय मरूचो नाय."

दोन वर्षांमागे आमच्याच घरच्या हळदीत माझ्या 16 वर्षांच्या भाच्याला अशीच बियर दिली गेली. मी तिथेच बसलो होतो, पाहुण्यांसमोर वाईट दिसेल म्हणून गप्प राहिलो. रात्री कोणीतरी त्यालाच सोडा आणायला बाईकवर पाठवलं आणि उतारावरच्या वळणावर तो चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. मांडीत रॉड घातलाय, बारावीचं अर्धं वर्ष खाटेवर गेलं. बहीण अजून विचारते, दादा तू होतास ना तिथे?

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा 1949 पासून आहे, बियरला वय 21 लागतं आणि कडक दारूला 25, वर परवाना. 18 च्या खालच्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. हे सगळं त्या रात्रीही लागू होतं. पण आमच्यापैकी एकालाही आपण गुन्हा करतोय असं वाटलं नाही, खरा प्रश्न तिथे आहे.

भाचा खाटेवर असताना मी या विषयावर बरंच वाचलं. अमेरिकेतही आधी असंच होतं. तिथे 1971 ला मतदानाचं वय 18 झालं आणि त्याच्या मागोमाग बऱ्याच राज्यांनी दारूचंही वय खाली आणलं. प्रत्येक राज्याचं वय वेगळं, मग पोरं गाडी काढून शेजारच्या राज्यात जायची, पिऊन परत येताना मरायची, त्या हद्दींना लोक रक्ताच्या हद्दी म्हणायचे. हे वाचलं आणि मला पत्रादेवीचा नाका आठवला. पलीकडे गोव्यात वय 18 आणि बाटली स्वस्त, अलीकडे आपली सावंतवाडी-कुडाळची पोरं हायवेवर.

मग 1980 मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईची 13 वर्षांची मुलगी रस्त्याने चालत जाताना एका दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली. तो पोरगा नव्हता, मोठा माणूस होता, आधीच्या तशाच केसमधून दोनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटलेला. तरी त्याला फारशी शिक्षा होणार नाही असं पोलिसांनीच तिला सांगितलं. तिने आयांची संघटना उभी केली, मेलेल्या मुलांचे फोटो घेऊन बायका सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. 1984 ला कायदा आला की ज्या राज्यात दारूचं वय 21 नाही त्याचा हायवेचा निधी कापणार, आणि 1988 पर्यंत सगळ्या राज्यांत 21 झालं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की "पोरंच ती, पिणारच" असं म्हणायची लोकांना लाज वाटायला लागली. 1980 ला तिथे बारावीतल्या 100 पैकी 72 मुलांनी मागच्या महिन्याभरात दारू घेतलेली होती, 2019 ला 30 च्याही थोडी खाली. नुसत्या पोलिसांनी एवढा फरक पडत नाही.

आपल्याकडेही बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलीय, दुकानं बंद पाडलीत, त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण काजूखालची पंगत मतदानाने बंद होत नाही, तिथे घरातल्याच कोणीतरी उठून बोलावं लागतं. उत्पादन शुल्कवाले बांद्याला गाड्या तपासतात तसं त्यांनी दुकानात वयाचा पुरावाही तपासायला लावावा, आणि आपल्या पेपरने हा विषय धरून ठेवावा अशी विनंती.

या महिन्यात माझ्या पुतण्याची हळद आहे. पंगतीला पोरं नकोत आणि बाईकच्या चाव्या माझ्याकडे, असं मी भावाला सांगितलंय. तो चिडलाय, मंडळी काय म्हणतील म्हणतो. बहीण मात्र त्या रात्रीनंतर पहिल्यांदा भाच्याला घेऊन माहेरच्या कार्याला येते म्हणाली.

आपला,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग