पाटीवरची राणी

सोलापूर, मंगळवार

प्रिय मास्तर,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल तू मनात जे काही म्हणाला असशील ते मला मान्य आहे. गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे. प्रकृतीचे पुराण इथेच आटोपतो. आज लिहायला बसलो, कारण चिरंजीवांनी खाणावळीची पाटी उतरवली आहे आणि या गुन्ह्यातला मूळ आरोपी तू आहेस.

नवे नाव ‘क्लिओपात्रा’. हसू नकोस. माळ्यावरच्या ट्रंकेत त्याला आपल्या कॉलेजच्या दिवसांतले ते बिलबुक सापडले, ज्याच्या पाठकोऱ्या पानावर तू गल्ल्यावर बसून ‘हॉटेल क्लिओपात्रा’ असे लिहून खाली तिचे चित्र काढले होतेस. ते पाहून वडिलांनी तुझ्या ताटात भाकरी न वाढता नुसती शेंगाचटणी वाढली होती, हे मी त्याला सांगितले, तर त्याला ते नाव आणखीच आवडले.

आधी त्याच्या डोक्यात मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा तुतनखामेन होता. मी म्हटले, अरे, तो राजा जेमतेम एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्या थडग्यात मांसाच्या ४८ पेट्या निघाल्या, मद्याच्या बुधल्यांवर साल आणि मळासुद्धा लिहिलेला होता, पण ते सगळे श्राद्धाचे पान, त्यावर गिऱ्हाईक कसे बसवायचे? क्लिओपात्रेचे तसे नाही, असे त्याचे म्हणणे. एका जेवणावर एक कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, उडवून दाखवण्याची पैज तिने रोमन सेनापती अँटनीशी लावली आणि कानातला मोती शिरक्यात विरघळवून पिऊन टाकला, ही रोमन लेखक प्लिनीने लिहिलेली गोष्ट तो मेनूकार्डावर छापणार आहे. आपल्याकडे पैजा लागल्या त्या कडक भाकरी कोण किती खातो याच्या, आणि त्यांची उधारी अजून वहीत आहे. तुझ्या नावावर.

ती मिसरची नव्हेच, टॉलेमीच्या मॅसिडोनियन घराण्यातली, म्हणजे ग्रीक, यावरून तू माझ्याशी चार महिने अबोला धरला होतास. तुझे बरोबर होते, हे मी आज लेखी देतो. पण मास्तर, तू तिच्या डोक्यावर काढलेला तो उंच, सपाट माथ्याचा मुकुट मिसरच्याच दुसऱ्या राणीचा, नेफरतितीचा आहे, १९१२ साली उत्खननात सापडून बर्लिनला गेलेल्या पुतळ्यावरचा. दोघींमध्ये तेराशे वर्षांचे अंतर आहे. चिरंजीवांनी तेच चित्र पाटीवाल्याला दिले आहे, तेव्हा सोलापुरात आता एकीच्या नावाखाली दुसरीचे डोके टांगले जाईल.

मला झोप लागत नाही ती मात्र जुन्या पाटीमुळे. वडील दर दिवाळीला आजीच्या नावावर स्वतः पिवळ्या ऑइलपेंटचा हात फिरवत, त्यामुळे अक्षरे इतकी जाड झाली आहेत की डोळे मिटून बोटांनी वाचता येतात. वेलांटीच्या टोकाशी एक ओघळ वाळून बसला आहे, तो खरवडून काढायचे त्यांनी मला दोनदा सांगितले होते आणि मी काढला नाही. मिसरची हत्शेपसुत राणी गेल्यावर काही वर्षांनी तिच्या सावत्र मुलाने, तिसऱ्या थुतमोसने, देवळाच्या भिंतींवरून तिचे नाव छिन्नीने उडवले. आमच्याकडे छिन्नीही लागली नाही, चार स्क्रू निघाले. पोरगा म्हणतो, भंगारात दोनशे रुपये येतील. मी पाटी ज्वारीच्या पोत्यांमागे उभी करून ठेवली आहे. त्याला थेट नाही म्हणावे तर ते बिलबुक तो माझ्यासमोर धरतो, कारण तुझ्या चित्राखाली ‘मंजूर’ लिहून सही केलेली आहे ती माझी.

निवृत्तीनंतर पुण्यात करमते का? वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. गड्ड्याच्या यात्रेला येणार होतास, आला नाहीस. त्यावर नंतर भांडू.

पाटी गुरुवारी चढणार आहे. त्याआधी फोन करून एवढेच सांग, की तिच्या हनुवटीखाली तू आणखी एक ओळ काय लिहिली होतीस? तिथे तेलाचा डाग पडला आहे आणि पोरगा मला रोज विचारतो.

तुझा,
आण्णा