पान चुरगळून बघा म्हणालात म्हणून

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

सदाशिव पेठेत आमच्या शेजारचा वाडा पाडायला घेतला, तेव्हा जोत्याच्या दगडांत उगवलेलं ते झाड मी मुकादमाला चहापाणी देऊन सोडवून आणलं, हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर ते माझ्याच हातून मरायला टेकलं होतं, हे मात्र तुम्ही चारचौघांत कधी काढलं नाहीत. म्हणून आज मीच सांगतो.

ऐन मे महिना. बुंधा मनगटाएवढा, दगडाला टेकून वाढल्यामुळे एका बाजूने चपटा. मुळं मूठभर, त्यांनाही चुना चिकटलेला. बोन्साय म्हणजे उथळ ट्रे, एवढंच माझं ज्ञान; त्याच संध्याकाळी ट्रेमध्ये बसवलं आणि फांद्यांना वळण द्यायला वर तारही गुंडाळली. पानांना दाते होते, मोबाइलने सांगितलं ‘चायनीज एल्म’. मी ते गल्लीभर सांगत सुटलो. चौथ्या दिवशी पानांनी माना टाकल्या, तेव्हा तुमच्याकडे धावलो.

तुम्ही एक पान तोडून माझ्या हातात दिलंत. “चुरगळा आणि वास घ्या.” घेतला. अजून आठवला तरी नाक मुरडतं! “आता सांगा, हे चीनहून जोत्यात कोण लावायला आलं होतं?” मग गल्लीच्या टोकाचा वावळा दाखवलात; पानांना असा वास त्याचाच, म्हणजे माझं झाडही वावळाच. दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर त्याच्याच पापडासारख्या गोल, पातळ चकत्यांचा खच पडतो, आणि मधोमध बी असलेल्या त्या चकत्या मी वर्षानुवर्षं कचरा म्हणून झाडत होतो. वावळा एल्मच्याच कुळातला, इंग्रजीतही त्याला इंडियन एल्मच म्हणतात. म्हणजे मोबाइल अगदीच खोटं बोलला नव्हता. कोवळ्या वयात पानाला दाते, मोठेपणी कड सरळ, हे मात्र त्याला कोण सांगणार?

ट्रे गेला. मातीची मोठी कुंडी आली, तळाला खापऱ्या, वर विटांची भरड, वाळू, नावाला शेणखत. सगळ्या फांद्या छाटायला लावल्यात, माझा हात थरथरत होता. वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीत, आणि “पाऊस संपेपर्यंत हात लावायचा नाही.” हे मला जमलं नाही. साल नखाने खरवडून आत हिरवं आहे का बघायचो. तिसऱ्या ओरखड्याला तुम्ही पकडलंत. “रोज जखम केलीत तर ते बरं कधी व्हायचं?”

एकविसाव्या दिवशी बुंध्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी तुम्हाला फोन केला आणि बोललोच नाही, आठवतं?

दुसऱ्या पावसाळ्यात खाली जाणारं जाड मूळ कापलंत, बाजूची राखलीत. त्या फेब्रुवारीत सगळी पानं गळली आणि मी सकाळी सात वाजता तुमची झोप मोडली. “वावळा आहे, पानं गाळणारच,” एवढं म्हणून फोन ठेवलात.

आता चौथं वर्ष. पानं अजून कुंडीच्या मानाने मोठी आहेत, पण भरपूर ऊन दिल्यापासून नवी जरा लहान येतायत. चपटी बाजू तुम्ही म्हणालात तशी समोर ठेवली आहे. मी ती लपवायला निघालो होतो.

डावीकडच्या फांदीत तार रुतायला लागली आहे असं वाटतं. पावसात किती पटकन जाडी धरते! रविवारी झाड घेऊन येतो. नखं कापून येईन.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा