ती शीळ अर्नोल्ड यांची नव्हे!

महोदय,

माल्कम अर्नोल्ड यांच्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. या संगीतकाराची मराठी पेपरला आठवण झाली, याचा आनंद चौथ्या ओळीपर्यंत टिकला. तिथे लेखकमहाशयांनी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटातली कैद्यांची ती शीळ अर्नोल्ड यांच्या नावावर करून टाकली आहे. आधी सातबारा तपासला असता तर बरं झालं असतं. ती शीळ म्हणजे ‘कर्नल बोगी’ हा मार्च, म्हणजे पलटणीच्या संचलनाची धून. तो छापून आला १९१४ साली आणि अर्नोल्ड जन्माला आले १९२१ साली. आता बोला.

मार्च केनेथ ऑलफोर्ड यांचा. हे टोपणनाव. खरं नाव फ्रेडरिक रिकेट्स, ब्रिटिश पलटणीचे बँडमास्तर. लष्करात राहून बाहेर नाव कमावलेलं वरच्यांना रुचत नसे, म्हणून ही युक्ती. खडकीला आमच्या शाळेत बँड होता आणि शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेले मास्तर. मी सेकंड कॉर्नेट, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर दुसरा. वाद्याला चिमट्याने अडकवायचं स्वरलिपीचं एक छोटं कार्ड असे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात संगीतकाराचं नाव. मास्तर म्हणायचे, “वाजवशील नंतर, आधी कुणाचं आहे ते वाच.” कार्डाची कड घामाने मऊ पडली होती, पण ‘ऑलफोर्ड’ स्वच्छ वाचता येत होतं.

याचं फळ मला १९८६ साली मिळालं. बँकेच्या आंतरशाखा प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी. शेवटचा प्रश्न: ‘रिव्हर क्वाय’मधल्या शिळेचा संगीतकार कोण? मी बझर दाबून ‘ऑलफोर्ड’ म्हणालो. परीक्षक साहेबांनी मान हलवली. “चूक. माल्कम अर्नोल्ड.” मी उठून हरकत घेतली, तर त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं! पेपरात छापलंय म्हटल्यावर अपील कुठे करणार? पाच गुणांनी हरलो. पहिल्या जोडीला टेबलफॅन, आम्हाला स्टीलचा डबा. माझा जोडीदार परतीच्या एसटीत पुण्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. डब्यात आजही तूरडाळ असते.

बरं, या चुकीने अर्नोल्ड यांचं तरी भलं होतं का? उलट त्यांची खरी करामत झाकली जाते. दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना शीळ ‘कर्नल बोगी’चीच हवी होती. अर्नोल्ड यांनी त्या चालीवर बेतशीर बसेल असा दुसराच मार्च रचला. शीळ चालू असताना बँड त्याच शिळेवर स्वार होतो, तो भाग त्यांचा. दोन चाली एकाच वेळी चालतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. चित्रपटाचं सगळं संगीत त्यांनी दहा दिवसांत हातावेगळं केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ऑस्करचा उल्लेख लेखात आहे, पण तो शिळेच्या खात्यावर जमा केला आहे.

आणि ‘बँडसाठीही त्यांनी काही किरकोळ रचना केल्या’ हे वाक्य? किरकोळ! लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवलेला हा माणूस. फुंकणाऱ्याला श्वास कुठे घ्यायला मिळायला हवा, हे त्याला ठाऊक होतं. ‘पॅडस्टो लाइफबोट’ या मार्चमध्ये त्यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा, धुक्यात वाजणारा भोंगाच घातला आहे. चाल ऐटीत चाललेली असते आणि मधेच हा बेसूर भोंगा. त्यांची ‘फँटसी फॉर ब्रास बँड’ १९७४ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय बँड स्पर्धेत अंतिम फेरीत सगळ्या बँडनी वाजवायची रचना म्हणून लावली होती. यातलं एक अक्षर लेखात नाही. मात्र १९५६ च्या विनोदी मैफलीत त्यांनी वाद्यं म्हणून वापरलेले तीन व्हॅक्यूम क्लीनर आणि चार रायफली यांना दोन परिच्छेद! गंमत आहे, मान्य. पण नऊ सिम्फनी लिहिणाऱ्याला व्हॅक्यूम क्लीनरवाला करून सोडू नये.

जाता जाता, ही पुरवणी आमच्या भागात येतच नाही. कालचीही मी केशकर्तनालयात वाचली, तीही निम्मी, कारण उरलेल्या पानावर कुणीतरी दाढीचा फेस पुसला होता. वर्गणी मात्र पूर्ण घेता. विक्रेता म्हणतो ‘वरूनच येत नाही’. वर म्हणजे कुठे, ते आपण सांगावं.

खुलासा छापणार असाल तर कृपया मुख्य अंकात छापा. मला त्याचं कात्रण हवं आहे. परीक्षक साहेब निवृत्त होऊन नाशिकला मुलीकडे असतात आणि पेपर आपलाच घेतात, पण माझ्याकडून टपालाने गेलेलं बरं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, खडकी, पुणे