मनू, पंप दोन घे

प्रिय मनू,

काल फोनवर "तिथे तुझं काय अडलंय" असं बोलून गेले, ते मागे घेते. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते आणि वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना तेव्हाच सोबत लागते, हे मलाही कळतं. परदेशी माणूस बांधावर दिसला की इस्रायली सैनिक आणि तिथे वस्त्या करून राहिलेले वसाहतवाले जरा हात आखडतात. निदान पूर्वी आखडायचे.

दम्याचा निळा पंप घेतलास? एक नको, दोन घे. एक खिशात, दुसरा सोबतिणीकडे. बॅगेत ठेवू नकोस, पळताना बॅगच आधी सुटते.

अश्रुधूर म्हणतात, पण तो वायू नसतो, बारीक पूड असते. त्यामुळे ओला रुमाल फार वेळ पुरत नाही. बारीक पूड अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क आणि घट्ट बसणारा गॉगल हवा. लेन्स नकोत, चष्मा घाल. तेलकट क्रीम लावू नकोस, पूड त्याला चिकटते. धूर खाली बसतो, म्हणून चढाकडे आणि वाऱ्याला आडवं चालायचं. तिथली शेतं दगडी पायऱ्यांची आहेत, उतारावर धावलीस तर घोटा मुरगळेल. डोळे चोळायचे नाहीत, पाण्याने धुवायचे. नळकांडी तापलेली असते, हात लावू नकोस. आणि पाठ फिरवून पळू नकोस! नळकांडी येताना बघ, मग बाजूला हो. वेस्ट बँकेतल्या बिलीन गावात १७ एप्रिल २००९ ला निदर्शक बासेम अबू रहमाच्या थेट छातीवर बसली होती.

त्याच बिलीनने २००५ पासून दर शुक्रवारी, इस्रायलने गावच्या जमिनीतून घातलेल्या भिंतीविरुद्ध निदर्शनं केली. २००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने भिंतीचा मार्ग बदलायला सांगितला, भिंत प्रत्यक्ष हलली २०११ मध्ये. "काहीच होत नाही असं तुला वाटतं" म्हणालीस ना, तसं मला वाटत नाही. पण वर्षं मोज.

आता कायदा. १९६७ चा लष्करी आदेश क्रमांक १०१: राजकीय कारणाने १० किंवा अधिक माणसं परवान्याशिवाय जमली तर १० वर्षांपर्यंत कैद. गावकरी लष्करी न्यायालयात उभे राहतात. तुला बहुधा पोलीस धरतील आणि विमानात बसवतील. तुझ्या धाडसाची किंमत दुसऱ्याने मोजायची नसेल तर कुठे थांबायचं, कधी मागे सरायचं हे गावची समिती ठरवेल, तू नाही. सैनिक "बंद लष्करी क्षेत्र" म्हणाला तर लेखी आदेश आणि नकाशा माग. एकदाच माग, हुज्जत नको. चित्रण कर, पण गावातल्या पोरांचे चेहरे त्यात नकोत, तेच पुढे पुरावा होतात. हिब्रू कागदावर सही करायची नाही. वकिलाचा नंबर दंडावर पक्क्या शाईने लिही, फोन काढून घेतात.

भाषण झालं. माफ कर. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरीला वकील करायचंय की डॉक्टर.

रेड क्रेसेंटच्या, म्हणजे तिथल्या रेड क्रॉसच्या, रुग्णवाहिकेचा नंबरही १०१च आहे. दम लागला तर बसून, पंपाला स्पेसरची नळी लावून एक-एक फवारा, मध्ये अर्धा ते एक मिनिट, असे जास्तीत जास्त दहा. तरी उतार पडला नाही तर १०१. लहानपणी अण्णा पाठीवर हात ठेवून मोजायचे आणि तू सातव्यालाच "झालं" म्हणायचीस. झालेलं नसायचं. तिथे दहापर्यंत मोज, सोबतिणीला मोजायला सांग.

बैता गावात ६ सप्टेंबर २०२४ ला, तुझ्यासारखीच परदेशातून गेलेल्या ऐशेनूर एझ्गी ऐगीला सैनिकाची गोळी लागली आणि ती गेली. २६ वर्षांची होती. जमाव मागे सरला होता, ती ऑलिव्हच्या झाडांत होती. तिथे पंप काय करणार? म्हणून गर्दी पांगली म्हणजे संपलं असं धरू नकोस. घरांच्या गच्च्यांवर कोण आहे बघ, सैनिक निघून जाईपर्यंत दगडी भिंतीआड राहा. फोन तिथूनच कर, एक शब्द पुरेल.

माझा विरोध आहे असं मावशीला सांगितलंस म्हणे. विरोध नाही. तिला मीच अभिमानाने सांगत होते, तेवढ्यात तिने "आणि दमा?" विचारलं.

स्पेसर वरच्या खणात आहे. बॅगेत चेपेल, मोज्यांत गुंडाळ. पंपावरची तारीख बघितलीस का?

तुझी,
आई