वरची नको, माळवदाची खोली घे

परभणी,
१० मार्च

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. मिरची-वांग्याची रोपं यंदा घरीच करायची आणि भर वैशाखात वहिनींना घरची कोथिंबीर द्यायची, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र त्यासाठी तू गच्चीवरची खोली धरलीस, तिथं माझं मन मानत नाही. पश्चिमेची मोठी खिडकी आहे, ऊन भरपूर येतं, असं तू लिहितोस. अरे, त्या उन्हासाठीच ती खोली नको म्हणतो मी. लातुरात मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत राहतो. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत छान उगवतं. त्या खोलीत ते भाजून निघेल. कोथिंबीर उष्णतेनं लगेच फुलावर येते, पानं धरतच नाही.

तुमच्या घराच्या मागच्या अंगाला आण्णांची धान्याची खोली आहे ना, माळवदाची (लाकडावर मातीचं छत), हातभर जाड भिंतींची? ती घे. अंधारी आहे म्हणून तू तिचा विचारच केला नसशील. पण उजेड विकत मिळतो, गारवा मिळत नाही.

उजेडाचं गणित सांगतो. आपल्या डोळ्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत दोनतीनशे लक्स असतात, बाहेर दुपारच्या उन्हात लाखभर. म्हणून खिडकीपासून चार हात आत ठेवलेलं रोप उजेड शोधत लांबडं होतं, फिकं पडतं आणि शेवटी लवतं. अँगलची तीन फळ्यांची मांडणी करून घे, चार फूट लांब, दोन फूट रुंद. प्रत्येक फळीवर २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब लाव, पांढऱ्या उजेडाच्या. रोपांसाठी म्हणून विकतात त्या जांभळ्या दिव्यांना जास्त पैसे मोजू नकोस. रोपं आणि पालेभाजी पांढऱ्यावर उत्तम होतात, शिवाय जांभळ्या उजेडात पानावरचा डाग नीट दिसत नाही. ट्यूब आणि शेंडा यांत वीतभर अंतर ठेव, रोप वाढेल तशी ट्यूब वर घे. भिंतींना पांढरा चुना दे, सांडलेला उजेड परत फिरतो.

बारा ट्यूब म्हणजे २४० वॅट. चौदा तास चालल्या तर दिवसाला ३.३६ युनिट, महिन्याला साधारण १०० युनिट. आणि हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत उरतात. म्हणून दिवे रात्री लाव: संध्याकाळी सहाला सुरू, सकाळी आठला बंद. रोपाला चौदा तासांचा उजेड आणि दहा तासांचा अंधार हवा. तो अंधार दुपारी मिळाला तरी त्याचं काही अडत नाही. दिव्यांची ऊब अशी गार वेळेत जिरते. हे जमायचं तर दिवसा खोली अंधारी हवी, आणि आण्णांची खोली ती आहेच. टायमर बॅटरीचा घे, नाहीतर वीज गेली की त्याचं घड्याळ मागं पडतं. पाणी आणि वीज एकाच खोलीत येणार, तेव्हा वायरमनकडून अर्थिंग तपासून आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय एकही ट्यूब लावू नकोस. यात काटकसर मुळीच नको.

माळवदातून माती झडते, पावसात गळतंही. वरून जाड प्लास्टिकचा कागद ताणून घे.

एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चांगलं काम करतो. मृगाचा पाऊस पडला की मात्र तो बंद; ओल आणखी वाढते आणि रोपं माना टाकतात. ती मर कशी दिसते ते बघून ठेव: पानं हिरवीगार असतात, पण मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. पडलेलं परत उठत नाही. म्हणून एक छोटा पंखा सतत चालू असू दे, पान नुसतं हलेल इतकाच. त्यानं देठही दणकट होतो.

आता पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या गावानं प्यायलं, तिथल्या माणसाला पाण्याची किंमत मी काय सांगू! पण खारेपणाचं सांगतो. तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, तोटीवर पांढरे थर धरतं. तेच क्षार ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर घालूच नकोस, त्यात क्षार आणखी दाट असतात. या पावसाळ्यात पन्हाळीखाली टाकी ठेव. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, वीट भिजवून गोड्या पाण्यानं दोनतीनदा धू. तिच्यातही मीठ असतं. नंतर मूठ भरून दाबून बघ. बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. रोपाला खरी पानं फुटेपर्यंत खत नाही. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला एखादा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. चिलटं दिसली तर पिवळे चिकट सापळे टांग आणि पाणी कमी कर.

तीनही फळ्या एकदम भरू नकोस. आधी खालच्या फळीवर मिरचीचा एक ट्रे आणि कोथिंबीर. धने रगडून दोन फाकी करून पेर.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर दोन्ही खोल्यांत एकेक थर्मामीटर टांग. दुपारी चारला आणि रात्री दहाला बघ, आठवडाभर आकडे लिहून ठेव आणि मला कळव. सोबत आण्णांच्या खोलीची लांबी, रुंदी, उंचीही पाठव. मांडणीचं माप मी काढून देतो. मिरचीचं बी माझ्याकडं आहे, पुढच्या आठवड्यात लातूरला येताना घेऊन येईन.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर